सात मतांचा फरक

१९२२ सालच्या जानेवारी महिन्याची ७ तारीख, शनिवार. आयर्लंडची राजधानी डब्लिन येथे विद्यापीठाच्या एका दालनात शंभरावर लोकप्रतिनिधी बसलेले आहेत. हिवाळ्यातला काळोख कधीच पडला आहे. एकेका सभासदाचे नाव पुकारले जाते, तो आपले मत सांगतो, आणि अखेरीस आकडे वाचून दाखविले जातात : ठरावाच्या बाजूने ६४, विरुद्ध ५७.

वाचकहो, फरक अवघा सात मतांचा. पण या सात मतांनी एका देशाच्या स्वराज्याचा मार्ग मोकळा झाला आणि याच सात मतांवरून सहा महिन्यांच्या आत त्या देशातील लोकांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या. कालपर्यंत एकाच तुरुंगात राहिलेली, एकाच ताटात जेवलेली ही माणसे होती. त्यांच्यात हे वैर कशाने आले, हे समजून घेणे आपणा सर्वांच्या उपयोगाचे आहे. कारण किती मिळाले म्हणजे घ्यावे आणि किती कमी मिळाले म्हणजे नाकारावे, हा प्रश्न केवळ राष्ट्रांपुढे येत नाही. तो गावाच्या पंचायतीत, संस्थेच्या कार्यकारिणीत आणि कित्येकदा आपल्या घरातही येतो.

तहापूर्वीची हकीकत

आयर्लंडवर शेकडो वर्षे इंग्रजांचा अंमल होता. त्या देशाच्या स्वराज्याच्या मागणीला ‘होमरूल’ असे नाव होते. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली बेळगाव येथे जी होमरूल लीग स्थापन केली, तिचे नावच मुळी आयर्लंडकडून आलेले. त्याच १९१६ साली ईस्टरच्या सणात डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव झाला. तो आठवड्याच्या आत मोडला गेला आणि त्यातील पंधरा जणांना इंग्रजांनी गोळ्या घातल्या. जी जनता उठावाच्या वेळी तटस्थ होती, ती या शिक्षांनी पेटून उठली. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत शिन फेन या पक्षाने आयर्लंडच्या १०५ जागांपैकी ७३ जागा जिंकल्या. निवडून आलेल्या सभासदांनी लंडनच्या पार्लमेंटात बसण्यास नकार दिला आणि २१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिनमध्येच आपले स्वतंत्र कायदेमंडळ भरविले. त्याला त्यांच्या भाषेत ‘डॉइल’ म्हणतात. या सभासदांनी आयरिश प्रजासत्ताकाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. ही शपथ ध्यानात ठेवा. पुढील सर्व तंटा तिच्याभोवती फिरतो.

त्यानंतर अडीच वर्षे गनिमी लढाई चालली. ११ जुलै १९२१ रोजी तहकुबी झाली आणि वाटाघाटींचे बोलणे सुरू झाले. डॉइलचे अध्यक्ष एमन डी व्हॅलेरा हे जुलैत स्वतः लंडनला जाऊन इंग्लंडचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांना भेटून आले होते. मात्र ऑक्टोबरात प्रत्यक्ष वाटाघाटींसाठी ते गेले नाहीत. त्यांनी पाच प्रतिनिधी धाडले. त्यांत प्रमुख होते आर्थर ग्रिफिथ आणि गनिमी लढ्याचे सूत्रधार मायकेल कॉलिन्स. त्यांना सह्या करण्याचा पूर्ण अधिकार दिला होता, आणि त्याचबरोबर अखेरचा मसुदा सहीपूर्वी डब्लिनला दाखवावा अशी लेखी सूचनाही दिली होती. एका हाताने अधिकार द्यायचा आणि दुसऱ्या हाताने तो राखून ठेवायचा, असा हा प्रकार होता. पुढच्या गैरसमजाचे बी इथेच पेरले गेले.

५ डिसेंबरच्या संध्याकाळी लॉइड जॉर्ज यांनी निर्वाणीचे सांगितले : सह्या करा, नाहीतर तीन दिवसांत युद्ध. आयरिश प्रतिनिधींनी डब्लिनला टेलिफोन केला नाही. आपसांत रात्री वाद घातला आणि ६ डिसेंबरच्या पहाटे, दोन वाजून गेल्यावर, तहावर सह्या केल्या.

काय मिळाले, काय सोडले

तहाने आयर्लंडच्या २६ परगण्यांना कॅनडाच्या धर्तीवर वसाहतीचे स्वराज्य मिळाले. स्वतःचे कायदेमंडळ, स्वतःचा खजिना, स्वतःचे सैन्य आणि इंग्रज फौजांची माघार, एवढे पदरात पडले. सोडावे लागले ते असे : प्रजासत्ताक नाही, इंग्लंडच्या राजाचा गव्हर्नर जनरल राहणार, तीन बंदरे इंग्रज आरमाराकडे राहणार, आणि प्रत्येक सभासदाने नव्या राज्याच्या घटनेबरोबरच राजाशीही इमान राखण्याची शपथ घ्यायची. याखेरीज उत्तरेकडील सहा परगण्यांसाठी इंग्रजांनी १९२० च्या कायद्याने वेगळे पार्लमेंट आधीच उभे केले होते. त्या परगण्यांना नव्या राज्यातून बाहेर राहण्याची मुभा तहाने दिली आणि सरहद्द ठरविण्यासाठी एक आयोग नेमण्याचे कलम घातले.

डब्लिनमध्ये मंत्रिमंडळाची बैठक झाली. तेथे चार विरुद्ध तीन असा निकाल लागला. डी व्हॅलेरा, काहल ब्रुआ आणि ऑस्टिन स्टॅक हे तहाच्या विरुद्ध गेले. मग प्रश्न डॉइलपुढे आला आणि १४ डिसेंबरपासून चर्चा सुरू झाली.

आपण आपल्या सोयीसाठी एका बाजूला मवाळ आणि दुसऱ्या बाजूला जहाल म्हणू. पण हे शब्द येथे तंतोतंत लागू पडत नाहीत. कॉलिन्स यांच्यावर मवाळपणाचा आरोप कोण करू शकेल? त्यांना पकडण्यासाठी इंग्रज सरकारने डब्लिनचे रस्ते पालथे घातले होते. त्यांचे म्हणणे इतकेच की, या तहाने अंतिम स्वातंत्र्य मिळत नाही, पण ते मिळविण्याची मोकळीक मिळते. पायरी चढून वर जाता येते. हवेत उडी मारून जाता येत नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही आपण न्यायबुद्धीने ऐकले पाहिजे. त्या सभेत सहा स्त्रिया होत्या आणि सहाही जणींनी तहाविरुद्ध मत दिले. मार्गारेट पिअर्स या मातेचे दोन्ही मुलगे १९१६ साली इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले होते. कॅथलीन क्लार्क यांनी त्याच वेळी पती आणि भाऊ असे दोघे गमावले होते. मेरी मॅकस्विनी यांचे बंधू टेरेन्स मॅकस्विनी हे कॉर्क शहराचे महापौर. ७४ दिवसांच्या उपोषणानंतर १९२० च्या ऑक्टोबरात लंडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला होता. मेरीबाई सभेत अडीच तासांहून अधिक वेळ बोलल्या. आम्ही प्रजासत्ताकाची शपथ घेतली, आमची माणसे त्या शपथेवर मेली, आता दुसरी शपथ घेऊन पहिली मोडायची कशी? हा त्यांचा प्रश्न होता. वाचकहो, हा हट्ट नव्हे. शब्द दिला तो पाळावा, हेच तर आपण आपल्या मुलांना शिकवितो.

डी व्हॅलेरा यांनी मधला मार्ग म्हणून दुसरा मसुदा पुढे केला. आयर्लंड साम्राज्याच्या आत न राहता बाहेरून संलग्न राहील, अशी त्यात कल्पना होती. परंतु मसुद्यांतील फरक एवढा बारीक होता की, पुष्कळ सभासदांना त्यासाठी पुन्हा युद्ध ओढवून घेणे पटेना. आणि कडव्या प्रजासत्ताकवाद्यांना तोही पुरेसा वाटेना.

नाताळच्या सुट्टीत सभासद आपापल्या गावी गेले. तेथे त्यांना लोकांची इच्छा दिसली. एकामागून एक स्थानिक मंडळांनी तहाच्या बाजूने ठराव केले. लोक लढाईला कंटाळले होते. ३ जानेवारीला सभा पुन्हा भरली तेव्हा वारे थोडे फिरले होते. शेवटच्या दिवशी काहल ब्रुआ यांनी कॉलिन्स यांच्यावर अत्यंत बोचरी वैयक्तिक टीका केली. त्यांचा पराक्रम वर्तमानपत्रांनी फुगविलेला आहे, असा तिचा आशय होता. त्या भाषणाने काही मते उलट तहाकडे वळली, असे मानले जाते. कठोर शब्दाने आपलीच बाजू कशी दुबळी होते, याचा हा धडा विद्यार्थी मित्रांनी वक्तृत्व स्पर्धेच्या वेळी अवश्य आठवावा.

सभेत ज्यांचे नाव निघाले नाही

आता एका गोष्टीकडे आपले विशेष लक्ष वेधतो. एवढ्या दिवसांच्या चर्चेत सर्वांत अधिक वेळ गेला तो शपथेच्या शब्दांवर. देशाची फाळणी होत होती, सहा परगणे वेगळे राहणार होते. त्यावर मात्र फारच थोडी भाषणे झाली. बेलफास्टमध्ये जन्मलेले शॉन मॅकएन्टी यांच्यासारखे एखाददुसरे सभासद त्यावर कळकळीने बोलले, एवढेच. बाकी दोन्ही बाजूंनी असे धरून चालले होते की, सरहद्दीचा आयोग नेमला जाईल, तो न्याय करील आणि मग सारे आपोआप जमेल.

त्या सहा परगण्यांत लोकसंख्येच्या सुमारे एक तृतीयांश कॅथलिक होते. तेथे ते अल्पसंख्य. त्यांच्या पुढच्या पिढ्यांचे काय होणार, याचा निर्णय डब्लिनच्या त्या दालनात होत होता. पण जहाल आणि मवाळ या दोघांचेही डोळे राजाच्या नावावर खिळलेले होते. पुढे १९२५ साली सरहद्द जशी होती तशीच कायम झाली. उत्तरेच्या सरकारने स्थानिक निवडणुकांतील प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत १९२२ मध्येच रद्द केली आणि १९२९ मध्ये पार्लमेंटच्या निवडणुकीतूनही ती काढून टाकली. घरे, नोकऱ्या, मतदारसंघ यांबाबतच्या तक्रारी साचत गेल्या. १९६८ साली नागरी हक्कांसाठी मोर्चे निघाले, त्यांवर लाठ्या चालल्या, आणि त्यानंतरच्या तीस वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली. १९९८ च्या करारानंतर तेथे शांतता आली. तडजोडीच्या मेजावर जे बसलेले नसतात, तडजोडीची किंमत अनेकदा त्यांनाच मोजावी लागते.

मतदानानंतर

निकाल जाहीर झाल्यावर कॉलिन्स उठले. देशात शिस्त व शांतता राखण्यासाठी दोन्ही बाजूंची मिळून एक समिती नेमावी, असे त्यांनी सुचविले. क्षणभर असे वाटले की हात पुढे केला जाईल. पण मेरी मॅकस्विनी यांनी उठून सांगितले की, प्रजासत्ताकाचे प्रतिनिधी आणि हे नवे राज्य यांच्यात कसलीही एकी होऊ शकत नाही. डी व्हॅलेरा बोलू लागले आणि बोलता बोलता त्यांना रडू कोसळले. सभा उठली. तो पुढे केलेला हात तसाच राहिला.

डी व्हॅलेरा यांनी राजीनामा दिला. पुन्हा निवडून येण्याचा त्यांचा प्रयत्न ५८ विरुद्ध ६० मतांनी फसला. म्हणजे हा फरक तर दोनच मतांचा! ग्रिफिथ अध्यक्ष झाले आणि डी व्हॅलेरा यांचा गट सभात्याग करून बाहेर पडला.

एप्रिलमध्ये तहविरोधी सैनिकांनी डब्लिनमधील न्यायालयांची भव्य इमारत ताब्यात घेतली. आता हे जहाल आपल्या राजकीय पुढाऱ्यांचेही ऐकत नव्हते. तरीही कॉलिन्स यांनी समझोत्याचा आणखी एक प्रयत्न केला. मे महिन्यात त्यांनी डी व्हॅलेरा यांच्याशी करार केला : येत्या निवडणुकीत दोन्ही गटांनी सध्याच्या बळाच्या प्रमाणात एकत्र उमेदवार उभे करावेत आणि पुढे संयुक्त मंत्रिमंडळ बनवावे. ही जहालांना दिलेली फार मोठी सवलत होती. लंडनचे सरकार त्यामुळे खवळले. राजाचे नाव शक्य तितके टाळून कॉलिन्स यांनी घटनेचा जो मसुदा केला होता, तोही लंडनने परत पाठविला. एका बाजूला लंडन, दुसऱ्या बाजूला आपलेच जुने सोबती. मध्यभागी उभा राहणारा असा दोन्हीकडून चेपला जातो. निवडणुकीच्या दोन दिवस आधी कॉलिन्स यांनीच तो करार जवळजवळ सोडून दिला. १६ जून १९२२ च्या मतदानात तहाच्या बाजूचे ५८ आणि विरोधी ३६ सभासद निवडून आले. मजूर पक्षाला १७ जागा मिळाल्या. जनतेचा कौल स्पष्ट होता.

परंतु कौल मानण्याची वेळ टळून गेली होती. २८ जून रोजी नव्या सरकारने इंग्रजांकडून आणलेल्या तोफांनी त्या न्यायालयाच्या इमारतीवर मारा सुरू केला. ३० जूनला तेथे प्रचंड स्फोट झाला आणि शेजारच्या दप्तरखान्यातील शेकडो वर्षांची कागदपत्रे, खानेसुमारीचे कागद आणि जुनी इच्छापत्रे जळून राख झाली. लढाईने माणसे तर मारलीच, राष्ट्राची स्मरणशक्तीही जाळली.

७ जुलैला काहल ब्रुआ जखमांनी मरण पावले. १२ ऑगस्टला ग्रिफिथ वारले. २२ ऑगस्टला कॉर्क परगण्यात कॉलिन्स गोळी लागून ठार झाले; वय अवघे ३१. नव्या सरकारने आपल्याच जुन्या साथीदारांना देहदंड देण्यास सुरुवात केली. तहाच्या वेळी लंडनमध्ये प्रतिनिधींचे चिटणीस असलेले अर्स्किन चिल्डर्स यांना नोव्हेंबरात गोळ्या घालण्यात आल्या. ८ डिसेंबरला चार कैद्यांना बिनाचौकशी ठार करण्यात आले. त्यांतील एक होते रोरी ओकॉनर. ज्या मंत्रिमंडळाने हा हुकूम दिला, त्यातील मंत्री केव्हिन ओहिगिन्स यांच्या लग्नात वर्षापूर्वी हेच ओकॉनर नवरदेवाचे पाठराखे म्हणून उभे राहिले होते. १९२३ च्या मेमध्ये विरोधकांनी शस्त्रे खाली ठेवली, तोवर सुमारे दीड हजार माणसे मेली होती.

मग शपथेचे काय झाले?

वाचकहो, खरी शोकांतिका पुढेच आहे. डी व्हॅलेरा यांनी १९२६ साली नवा पक्ष काढला. १९२७ च्या जुलैत ओहिगिन्स यांचा खून झाला. त्यानंतर सरकारने असा कायदा आणला की, उमेदवाराने निवडून आल्यास शपथ घेण्याचे आधीच कबूल करावे. त्याच वर्षी ११ ऑगस्टला डी व्हॅलेरा आणि त्यांचे सभासद डॉइलमध्ये आले. ज्या शपथेपायी रक्त सांडले, ती केवळ पोकळ उपचार आहे असे म्हणून त्यांनी त्या वहीत सह्या केल्या आणि आपल्या जागी बसले.

१९३२ साली ते निवडणुकीने सत्तेवर आले. १९३३ मध्ये त्यांनी शपथ रद्द केली. १९३७ मध्ये नवी घटना केली. १९३८ मध्ये तिन्ही बंदरे परत मिळाली. १९४९ मध्ये आयर्लंड प्रजासत्ताक झाला. यासाठी एकही गोळी झाडावी लागली नाही. पायरीपायरीने वर जाता येते, हे कॉलिन्स यांचे म्हणणे त्यांच्या कट्टर विरोधकानेच सिद्ध करून दाखविले. मात्र ते पाहण्यास कॉलिन्स हयात नव्हते. त्या दोन गटांतून निघालेल्या दोन मोठ्या पक्षांना एका मंत्रिमंडळात बसण्यास २०२० साल उजाडावे लागले.

हा प्रश्न आपल्याही देशाला अपरिचित नव्हता. १९१९ च्या सुधारणा अपुऱ्या असल्या तरी राबवाव्यात आणि उरलेल्यासाठी झगडावे, ही लोकमान्यांची प्रतियोगी सहकारिता. पुढे १९२५ साली मध्यप्रांतात श्रीपाद बळवंत तांबे यांनी सरकारी कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली, तेव्हा स्वराज्य पक्षात मोठी खळबळ उडाली. नरसिंह चिंतामण केळकर आणि मुकुंदराव जयकर एका बाजूला, पंडित मोतीलाल नेहरू दुसऱ्या बाजूला, अशी फूट पडली. शब्द तिखट झाले, पक्ष दुभंगला. पण भांडण सभा आणि वर्तमानपत्रे यांच्या बाहेर गेले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकमेकांशी बोलता येईल, एवढी जागा दोघांनीही राखली होती.

आपण काय घ्यावे?

आयर्लंडच्या या कहाणीतून तडजोड नेहमी चांगली असते, असा अर्थ कोणी काढू नये. धाकदपटशाने घेतलेल्या सह्या होत्या त्या. आणि उत्तरेकडील अल्पसंख्यांना त्यात न्याय मिळाला नाही, हेही खरे. जहाल म्हणून कोणाची हेटाळणी करू नये. त्यांच्या निष्ठेमुळेच मागणी जिवंत राहते. चूक झाली ती मतदानानंतर. हरलेल्यांना आपण हरलो हे मान्य करून बाकावर बसून राहता आले नाही. ज्या सभागृहात ५७ मते होती, तेथे उद्या ६५ होऊ शकली असती. बाहेर मात्र ५७ माणसांच्या हाती बंदुकीखेरीज काही उरले नाही. आणि जिंकलेल्यांनी, एकदा लढाई जुंपल्यावर, कालच्या सोबत्याला शत्रू ठरविण्यास वेळ लावला नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही उद्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, विधानसभेत बसाल. निदान एखाद्या संस्थेच्या समितीत तरी नक्कीच बसाल. तेथे तुमचा ठराव कधीतरी थोड्या मतांनी पडेल. त्या दिवशी खुर्ची सोडून निघून जाऊ नका. आपले विरोधी मत इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि पुढच्या बैठकीला वेळेवर हजर राहा. आणि तुमचा ठराव जिंकला, तर सभा उठण्याआधी हरलेल्याशी जाऊन बोला.

पालक बंधुभगिनींनो, आपल्यासाठीही एक विनंती. आपल्या संस्थांत आणि घरांत जेव्हा काही सोडून काही घ्यायचे ठरते, तेव्हा एकदा सभोवार पाहावे आणि विचारावे, ज्याच्यावर याचा परिणाम होणार तो या खोलीत आहे काय? घरात मुलीचे शिक्षण थांबविण्याचा निर्णय होत असेल, तर निदान त्या मुलीला आत बोलवावे. तिचे म्हणणे ऐकून मग मते मोजावीत.